दोनशेच्या आतली हवा

माझा धाकटा भाऊ महापालिकेच्या रस्ते खात्यातून अभियंता म्हणून निवृत्त झाला. माझी मुलगी छातीच्या विकारांची डॉक्टर आहे, घाटकोपरला तिची ओपीडी असते. मामा-भाचीचं एरवी गूळपीठ, पण हवेचा विषय निघाला की दोघं हातघाईवर येतात. मुलुंडच्या आमच्या जुन्या इमारतीच्या पुनर्विकासाचं संमतिपत्र घरात आलं तेव्हा हा वाद पुन्हा पेटला. सही माझी लागणार होती, म्हणून या वेळी मी कान देऊन ऐकलं आणि नंतर लिहून काढलं. चिडचिड आणि तेच तेच बोलणं गाळलं आहे. ते बरंच होतं.

मामा : ताई, सही करून टाक. ही आता धूळ धूळ करत बसेल. अगं, मुंबईत बांधकाम कुठे चालू नाही? आपल्या समोर चालू, मागे चालू, एलबीएस रोडवर मेट्रो-चारचं चालूच आहे. आपण एकट्यांनी नाही म्हटल्याने हवा स्वच्छ होणार आहे का?

भाची : मामा, मी धुळीचं काढलंच नाहीये. तूच सारखा धुळीवर येतोस. तुझ्या पालिकेचंही तेच झालंय.

मामा : पालिकेने केलं नाही असं म्हणू नकोस. ऑक्टोबर २०२३मध्ये नियमावली निघाली. ७० मीटरच्या वरच्या इमारतीला ३५ फुटी पत्रा, भोवती हिरवं कापड, पाडकाम करताना पाणी मारायचं, डंपरची चाकं धुऊनच रस्त्यावर सोडायचा, राडारोडा झाकून न्यायचा. आमच्या नोकरीच्या काळात यातलं काही कुणी विचारत नव्हतं.

भाची : चांगलंच आहे ते. पत्र्याने जाड धूळ अडते. तिचाही त्रास आहेच, सगळ्यांत जास्त तिथे काम करणाऱ्या मजुराला. दगड-काँक्रीट कापताना उडणारी सिलिका त्याच्या फुप्फुसात कायमची बसते. पण नाक आणि घसा मिळून जाड धूळ बरीचशी अडवतात. अडीच मायक्रॉनच्या आतला कण अडत नाही. आपला केस पन्नास ते सत्तर मायक्रॉन जाड असतो, त्यावरून अंदाज कर. हा कण थेट वायुकोशांपर्यंत पोचतो, आणि त्यातले अगदी बारीक रक्तातही उतरतात. मग दाह सुरू होतो, रक्त गोठण्याकडे झुकतं, धमनीत साचलेला चरबीचा थर फुटायला निमित्त मिळतं. खोकला आणि दमा घेऊन लोक माझ्याकडे येतात. पण या कणांचा मोठा फटका हृदयाला आणि मेंदूला बसतो, आणि ते पेशंट माझ्याकडे येतच नाहीत.

मामा : आणि हा कण बांधकामातून येत नाही?

भाची : थोडा येतो. जास्त येतो तो जाळण्यातून. डिझेल, कोळसा, लाकूड, कचरा. शिवाय काही कण कुठल्याच धुराड्यातून कण म्हणून बाहेर पडत नाहीत. गंधकाचे आणि नायट्रोजनचे वायू बाहेर पडतात आणि हवेत अमोनियाशी मिळून त्यांचे कण होतात. त्यांच्याभोवती कुठला पत्रा लावणार? रस्त्यावर तुषार उडवत ती मोठी गाडी फिरते ना, ती दिसायला छान दिसते. या कणावर तिचा काही उपाय चालत नाही.

इथे मला एक आठवलं ते सांगते. आमच्या गल्लीतले रखवालदार डिसेंबर-जानेवारीत रात्री शेकोटी करतात. पाला, पुठ्ठे, आणि त्यात बिनदिक्कत प्लास्टिक. त्या धुराबद्दल आमच्या सोसायटीच्या सभेत आजवर कुणी चकार शब्द काढलेला नाही. समोरच्या बांधकामाच्या धुळीबद्दल मात्र तीन पानी तक्रार गेली आहे, मसुदा माझाच. धूळ खिडकीच्या गजावर बसते, बोटाला लागते, तिची तक्रार करता येते.

मामा : बरं, कण म्हण. पण मुंबईला समुद्र आहे. दिल्लीसारखी खोलगट जागा नाही ही. वारा सुटला की सगळं साफ.

भाची : सुटला की. पावसाळा गेला की वाऱ्याची पकड सुटते. दिवसा समुद्राकडून, रात्री जमिनीकडून, असा तो उलटसुलट वाहतो. रात्री बाहेर ढकललेलं बरंचसं दुसऱ्या दिवशी परत आत येतं. थंडीत जमिनीलगतची हवा गार आणि वरची उबदार, त्यामुळे सगळं खालीच कोंडतं. तू पहाटे सहाला फिरायला जातोस ना, थंडीत हवा सगळ्यांत वाईट असते ती साधारण त्याच सुमाराला. उन्हं वर आल्यावर जात जा.

मामा : बोरिवलीचं नॅशनल पार्क आहे, शंभर चौरस किलोमीटरचं जंगल. भांडुप-मुलुंडच्या डोक्यावरही तेच.

भाची : आणि ३० डिसेंबर २०२४ला पालिकेने कामं कुठे थांबवली? भायखळा आणि बोरिवली पूर्व. जंगलाच्या दारातलं बोरिवली.

मामा : तेच काढणार होतो मी! हवेचा निर्देशांक दोनशेच्या वर गेला म्हणून आयुक्त भूषण गगराणींनी सरसकट सगळी कामं बंद केली. नियम पाळणारा बिल्डर बंद, न पाळणाराही बंद. नाक्यावर उभा राहणारा मजूर सगळ्यांत आधी घरी बसला. त्याची त्या दिवसांची मजुरी कुणी दिली? आणि थोड्याच दिवसांत आकडा खाली आला, बंदी उठली. आकडा खाली आला तो कशामुळे? वारा फिरला म्हणून की काम थांबलं म्हणून? कुणी सांगू शकेल?

भाची : नाही सांगता येणार. यात मी तुझ्या बाजूची आहे.

मामा : असं?

भाची : दोनशेवर गेल्यावर बंद करायचं आणि दोनशेच्या आत आल्यावर चालू करायचं, यात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे, की दोनशेच्या आतली हवा बरी असते. माझं सगळं भांडण तिथे आहे.

या मुद्द्यावर ती उभी राहूनच बोलू लागली, म्हणून आकडे नीट समजून घेतले. वाचकांनीही घ्यावेत. सूक्ष्म कणांची भारतातली चोवीस तासांची मर्यादा घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम आहे, वर्षाच्या सरासरीची ४०. ही मानकं २००९ची. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१मध्ये आपल्या मर्यादा खाली आणल्या : चोवीस तासांना १५, वर्षाला ५. आपल्या निर्देशांकात ५१ ते १०० म्हणजे ‘समाधानकारक’. त्या खान्यात सूक्ष्म कण ३१ ते ६० पर्यंत असू शकतात, म्हणजे संघटनेच्या मर्यादेच्या दुप्पट ते चौपट. दोनशे गाठायला हाच आकडा नव्वदीत जावा लागतो.

मामा : जागतिक संघटनेला काय जातंय लिहायला? पाचचा आकडा जगात किती शहरांना जमतो? आपल्याकडे राजस्थानची धूळ येते, समुद्राचं मीठ हवेत असतं. साधता येईल असं मानक ठेवावं, नाहीतर कुणी बघतसुद्धा नाही त्याच्याकडे.

भाची : मानक साधता येईल असं ठेव, माझी ना नाही. पण ते साधलं म्हणजे शरीर सुरक्षित झालं, असं लोकांना सांगू नका. जुलै २०२४मध्ये लॅन्सेट प्लॅनेटरी हेल्थमध्ये दहा भारतीय शहरांचा अभ्यास आला. मुंबई आणि पुणे दोन्ही त्यात होती. २००८ ते २०१९ या काळातले छत्तीस लाख मृत्यू त्यांनी तपासले. सूक्ष्म कण दहा मायक्रोग्रॅमने वाढले की रोजचे मृत्यू सरासरी १.४२ टक्क्यांनी वाढतात. आणि हवा साठच्या आत असलेले, म्हणजे आपल्या नियमाने ठीक असलेले दिवसच फक्त घेतले, तर तीच वाढ २.६५ टक्के दिसली.

मामा : कमी प्रदूषणात जास्त मरतात? हे कुठलं गणित?

भाची : कमी प्रदूषणात जास्त मरतात असं नाही. पहिल्या दहा-वीस मायक्रोग्रॅमचा घाव मोठा असतो, पुढे रेषा सपाट होत जाते. दहाने वाढले तर दिल्लीत ०.३१ टक्के, बंगळूरुत ३.०६. दिल्लीची हवा आधीच इतकी भरलेली की वरच्या दहाने फारसा फरक पडत नाही.

मामा : मग दिल्लीलाच जाऊन राहावं म्हण की.

भाची : जा. तिथे या कणांपायी वर्षाला बारा हजार मृत्यू धरलेत, सगळ्या मृत्यूंच्या साडेअकरा टक्के. मुंबईत सुमारे ५,१००, म्हणजे ५.६ टक्के. दिवसाला चौदा माणसं होतात, मामा.

मामा : चौदांतल्या एकाचं नाव सांग. एकाच्या तरी मृत्यूच्या दाखल्यावर हवा लिहिलीय? केंद्र सरकारनेही संसदेत सांगितलंय, केवळ हवेमुळे मृत्यू झाला असा थेट संबंध दाखवणारी निर्णायक माहिती नाही. तुमचे हे आकडे संगणकातून निघालेले. माणूस विडी ओढत होता, त्याला साखर होती, घरात चुलीचा धूर होता, वय ऐंशी होतं. तुम्ही सगळं हवेच्या खात्यात टाकणार.

भावाचा हा प्रश्न मला रास्त वाटला आणि अजूनही वाटतो. रस्त्यातल्या खड्ड्यात पडून माणूस गेला तर खड्डा दाखवता येतो. इथे दाखवायला काहीच नसतं.

भाची : विडीचं बरोबर बोललास, म्हणूनच अभ्यास असा करतात. एका माणसाची दुसऱ्याशी तुलना करत नाहीत. त्याच शहराच्या एका दिवसाची तुलना त्याच शहराच्या दुसऱ्या दिवसाशी करतात. सोमवारपासून बुधवारपर्यंत मुंबईत विडी ओढणारे वाढत नाहीत, मधुमेही वाढत नाहीत, गरिबी वाढत नाही. कण वाढतात. तापमानाचा हिशेब वेगळा काढतात. आणि कण वाढल्यावर त्या दिवशी नि दुसऱ्या दिवशी मृत्यू वाढलेले दिसतात. दाखल्यावर ‘हृदयविकार’ लिहिलेलं असतं, ते खोटं नसतं. हृदय आधीच कमकुवत होतं, पण त्या आठवड्यात जायचं नव्हतं.

मामा : शक्यता झाली ही.

भाची : तंबाखूचंही असंच होतं, मामा. आजही कुणाच्या दाखल्यावर मृत्यूचं कारण म्हणून सिगारेट लिहीत नाहीत. आणि कुणीच कधी लिहिलं नाही असंही नाही. लंडनमध्ये एला अ‍ॅडू-किसी-डेब्रा नावाची नऊ वर्षांची मुलगी २०१३मध्ये दम्याने गेली. वाहतुकीच्या हमरस्त्याजवळ राहायची. आईने पाठपुरावा केला. डिसेंबर २०२०मध्ये तिथल्या मृत्युचौकशी अधिकाऱ्याने हवेचं प्रदूषण हे तिच्या मृत्यूचं एक कारण म्हणून नोंदवलं. लंडनला हे करायला किती वर्षं लागली बघ. १९५२च्या डिसेंबरमधलं धुरकं चार-पाच दिवस टिकलं, चार हजार माणसं गेली असं आधी म्हणाले, नंतरच्या हिशेबात तो आकडा बारा हजारांपर्यंत गेला. तेव्हाही सुरुवातीला फ्लूवर ढकलून झालंच होतं.

मामा : लंडन राहू दे. आपल्याकडे कायदे नव्हते असं नाही. गिरण्यांच्या धुराड्यांसाठी १९१२ साली मुंबईत धुराच्या उपद्रवाचा कायदा झालेला आहे. धुराडी कायद्याने नाही गेली, गिरण्या बंद पडल्या तेव्हा गेली, आणि त्यांच्याबरोबर लाखो कामगारांची पोटं गेली. मला भीती वाटते ती याची. हवा सुधारायची म्हटली की बळी कुणाचा जातो? आता बेकऱ्यांचंच बघ. जानेवारी २०२५मध्ये हायकोर्टाने सांगितलं, लाकूड-कोळशाच्या भट्ट्या सहा महिन्यांत गॅसवर किंवा विजेवर न्या. पावाची भट्टी चालवणारा माणूस काय कमावतो? आणि पश्चिम द्रुतगती मार्गावर एकेका माणसाला घेऊन जाणाऱ्या गाड्यांच्या रांगा? त्यांना सहा महिन्यांची मुदत कुणी दिली?

मुलगी यावर लगेच बोलली नाही. माझ्या मते मामाचा सगळ्यांत भक्कम मुद्दा हाच होता. न्यायालयाने त्याच महिन्यात पेट्रोल-डिझेलची वाहनं टप्प्याटप्प्याने बंद करता येतील का हे तपासायला समिती नेमायला सांगितलं, आणि सरकारने ती नेमलीही. पण बेकरीला मुदत मिळते आणि मोटारीला समिती, हे दिसायलाही बरं दिसत नाही.

भाची : भट्टीवाल्याला मदत दिली पाहिजे, हे मान्य. पण भट्टीवालाच दिवसभर त्या धुरात उभा असतो, हेही धर. आणि तूच मला एकदा टॅक्सीची गोष्ट सांगितली होतीस.

मामा : कुठली?

भाची : १९९९मध्ये हायकोर्टाने वाहनांच्या धुराबद्दल व्ही. एम. लाल समिती नेमली होती. तिच्यानंतर टॅक्सी नि रिक्षा सीएनजीवर गेल्या. तेव्हाही म्हणत होते, टॅक्सीवाला मरेल. मेला का? त्याचं इंधन स्वस्त झालं.

मामा : कर्ज काढलं त्याने त्यासाठी. पंपावर तासन् तास रांगा लावल्या. ते तू बघितलं नाहीस, शाळेत होतीस.

भाची : लावल्या. पण दोन्ही खरं असू शकतं ना?

मी : दोघांनी एक सांगा. हवा का बिघडली, याचं आपल्याकडे उत्तर काय मिळतं? नोव्हेंबर २०२५मध्ये मुंबईची हवा बिघडली तेव्हा इथिओपियातल्या ज्वालामुखीची राख आली म्हणून कोर्टात सांगितलं गेलं.

मामा : आणि कोर्टाने ते ऐकून घेतलं नाही, तेही सांग. ज्वालामुखीच्या आधीपासूनच धड दिसत नव्हतं, असं न्यायमूर्ती म्हणाले. आम्ही अभियंते असलो तरी डोळे असतात आम्हाला.

इथे पहिल्यांदा दोघं एकदम हसली. नंतर वाद थोडा खाली उतरला, म्हणजे आमच्या इमारतीवर आला.

भाची : आई, मी सही करू नकोस म्हणत नाहीये. लिफ्ट नाही, तुझे गुडघे बघते मी. शिवाय मामाचं खरं आहे, आपण नाही केलं तरी शेजारची इमारत पडणारच आहे. पण करार करताना फक्त चौरस फूट आणि भाडं बघू नका.

मामा : मग काय, कण बघायचे?

भाची : जळतं काय ते बघायचं. साइटवर पहिल्या दिवसापासून विजेचं तात्पुरतं कनेक्शन घ्यायला लावायचं, म्हणजे डिझेलचा जनरेटर दोन-तीन वर्षं खिडकीखाली धडधडणार नाही. मजुरांच्या वस्तीला गॅस द्यायचा. ते शटरिंगची मोडकी लाकडं जाळून जेवण करतात, तेलाने माखलेली. त्यांची पोरं त्याच धुरात. काम थांबवायचीच वेळ आली तर त्या दिवसांची मजुरी बिल्डरने द्यायची, हेही लिहून घ्या. तुझं नाक्यावरच्या माणसाचं दुखणं त्यात येतं.

मामा : बिल्डर हसेल.

भाची : हसू दे. पार्किंगसाठी तुम्ही दीड वर्षं भांडलात तेव्हा नाही हसला.

मामा : बरं, आता माझं ऐक. साइटवर हवेचा सेन्सर बसवणं पालिकेने बंधनकारक केलंय. बसवतात, पण कुठेतरी आतल्या बाजूला, जिथे आकडा चांगला येईल अशा ठिकाणी. मी ही कामं केलीयत, मला माहीत आहे कसं होतं ते. करारात लिहा, सेन्सर गेटवर, आकड्याचा फलक रस्त्याकडे तोंड करून, आणि महिन्याची नोंद आजूबाजूच्या सोसायट्यांनाही. दोनशेच्या आत आहे की नाही ते सांगू नका म्हणावं. आकडा किती, ते लिहा.

भाची : हे तू बोललास?

मामा : मी अभियंता आहे, आकड्याला मी कधीच नाही म्हटलं नाही. तुझ्या ५,१००वर माझा अजून विश्वास नाही. पण मोजायचं तर नीट मोजा.

मास्कचं आणि घरातल्या हवाशुद्धी यंत्राचंही बोलणं झालं, ते थोडक्यात. साध्या कापडी किंवा निळ्या मास्कने हे कण पुरेसे अडत नाहीत, एन-९५ नीट घट्ट बसवला तर अडतात. दमा किंवा हृदयविकार असलेल्यांनी आणि गरोदर बायकांनी वाईट दिवसांत तो वापरावा. गरोदरपणात या कणांचा संबंध कमी वजनाच्या बाळाशी दिसून आलेला आहे. यंत्राने बंद खोलीपुरता उपयोग होतो. पण अंधेरीच्या साकीनाक्यावर दिवसभर रिक्षा चालवणाऱ्याला यातलं काय सांगणार, हा प्रश्न मुलीनेच विचारला आणि सोडून दिला.

मी सही केली. आधी दोघांचे मुद्दे आमच्या सोसायटीच्या सचिवांना लेखी दिले. त्यांनी ते वकिलांकडे पाठवले आहेत. त्यातलं काय टिकतं ते बघायचं. माझं मत विचाराल तर, मामाच्या शंका खऱ्या आहेत आणि भाचीचे आकडेही. पण शंका आहे म्हणून थांबायचं की थांबायचं नाही, एवढाच प्रश्न असेल तर मी डॉक्टरच्या बाजूची आहे, आणि ती माझी मुलगी आहे म्हणून नव्हे. कामं बंद करण्याचा उपाय वर्षातल्या मोजक्या वाईट दिवसांसाठी आहे. आपण श्वास घेतो तो उरलेल्या तीनशेहून अधिक दिवसांतही, आणि त्या दिवसांसाठी तूर्त कुणाकडेच काही योजना दिसत नाही.

अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड, उपनगरात कुठेही तुमच्या इमारतीचा पुनर्विकास निघाला असेल, तर जनरेटर, मजुरांचा गॅस, बंदच्या दिवसांची मजुरी आणि रस्त्याकडे तोंड केलेला सेन्सरचा फलक या चार गोष्टी करारात मागा. जागा रिकामी करण्याच्या आधी मागा, आणि आपल्या रखवालदाराला या थंडीत एक जाड ब्लँकेट द्या.